मेणवेल आणि अमावास्येचं सूप

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी गोष्टीत काही फरक पडायचा नाही.

राजाचं राज्य पठारावर होतं. पाऊस कमी, वारा फार. राजाच्या म्हाताऱ्या आईला सगळे आईसाहेब म्हणत. त्या मात्र पार दक्षिणेकडच्या बेटांवरच्या. बाराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, आधी होडीतून आणि मग चाळीस दिवस पालखीतून. पुन्हा माहेरी गेल्या नाहीत. जायचं म्हटलं की चाळीस दिवस आणि होडी, आणि राजवाड्यात रोज काही ना काही निघायचंच.

एकदा त्या बेटांवरून आलेल्या व्यापाऱ्यानं त्यांना करवंटीत लावलेली एक वेल भेट दिली. जाड तुकतुकीत पानं, तेलाचं बोट फिरवल्यासारखी. आईसाहेबांनी ती लगेच ओळखली.

"ही मेणवेल," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे घरोघर असायची. मेणाच्या चांदण्या कराव्यात तशी फुलं येतात, गुच्छानं. दिवेलागणीला वास सुटतो. तो वास एकदा पुन्हा घेतला की मी मोकळी."

हे बोलायला नको होतं. म्हातारी माणसं सहज काही बोलतात आणि मुलं सहसा ते ऐकत नाहीत. पण हा मुलगा राजा होता, आणि शेजारी कारभारी उभा होता. दुसऱ्या दिवसापासून मेणवेल फुलवणं हे राज्याचं काम झालं.

काम अर्थातच मुख्य माळ्याकडे आलं. पाच पिढ्या त्याचं घराणं राजाची बाग राखत होतं आणि बागेमागच्या घरात राहत होतं. माळी कष्टाळू होता. त्यानं करवंटीतली वेल पितळी कुंडीत लावली. फूल आलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी तांब्याच्या हंड्यात. तरी आलं नाही, म्हणून चांदीच्या घंगाळात. वेलीला जागा वाढत गेली आणि वेल पानं वाढवत गेली.

मग सल्ले सुरू झाले. ज्योतिषी म्हणाला, सकाळी तोंड पूर्वेला हवं, संध्याकाळी पश्चिमेला. त्यासाठी चार भोई ठेवले. ते घंगाळ उचलून सकाळी या गवाक्षात ठेवत, संध्याकाळी त्या. वैद्य म्हणाला, दूध आणि मध घाला. गवई म्हणाला, रोज तासभर वसंत राग ऐकवा. गवयाचा आवाज सुधारला. वेलीला नऊ वर्षांत फूल आलं नाही.

आता त्या राज्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

राजवाड्यात वाळकी काडी अमावास्या ओलांडून राहू द्यायची नाही, अशी ती रीत. वाळकी काडी म्हणजे सरणाची आठवण. म्हणून दर अमावास्येला माळ्यानं सगळ्या झाडावेलींच्या सुक्या, बोडक्या काड्या छाटायच्या, सुपात भरायच्या आणि ते सूप कारभाऱ्याला दाखवायचं. कारभाऱ्याला झाडांतलं काही कळत नव्हतं, पण भरलेलं सूप कळत होतं. सूप शिगोशीग असलं की तो मान डोलवायचा. म्हणजे महिनाभर काम झालं.

मेणवेल राजाची लाडकी, म्हणून तिच्या काड्या सुपात सगळ्यात वर ठेवायचा मान होता. अंगठ्याएवढ्या बोडक्या काड्या. ना पान, ना कोंब. त्या वेलीला मधूनमधून फुटायच्या आणि माळी त्या मनापासून छाटायचा.

नवव्या वर्षी मार्गशीर्षात आईसाहेब अंथरुणाला खिळल्या. वैद्यानं राजाला बाजूला घेऊन सांगितलं, वसंत बघतील, पुढचं सांगवत नाही. राजा घाबरला. घाबरलेली मोठी माणसं हुकूम काढतात. हुकूम असा निघाला, की चैत्र संपायच्या आत मेणवेल फुलली नाही, तर माळ्याच्या कुटुंबानं बागेमागचं घर सोडावं आणि बागेत दुसरा माळी यावा.

त्याबरोबर राजानं माळ्याच्या धाकट्या मुलाला थेट बेटांवर पाठवलं, तिकडचा जाणकार घेऊन यायला. चाळीस दिवस आणि होडी. बेटावरची एक बाई चार दालनांपलीकडे पडून होती. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

माळ्याच्या त्या मुलाचं लग्न होऊन सात महिने झाले होते. त्याच्या बायकोला स्वतःचं नाव होतं, पण सासरी आल्यापासून ते कुणी वापरलं नव्हतं. सगळे तिला धाकटी म्हणत. तर आपणही तूर्त धाकटीच म्हणू.

धाकटी कमी बोलायची. विहिरीचं पाणी शेंदायचं, गुरांचं करायचं, भाकऱ्या थापायच्या, बागेतलं तण काढायचं. मोठी जाऊ बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तिच्या वाटणीचंही. सासूबाईंचा पाय मुरगळला, तेव्हा त्यांच्याही. आणि हुकूम आला त्या दिवशी सासरे म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून वेलीचं तू बघ."

घरात जे काम फसणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते नव्या माणसाकडे येतं. धाकटीला हे कळलं. ती "बरं, मामंजी" म्हणाली.

पहिला महिना तिनं सगळं केलं. भोयांबरोबर घंगाळामागून फिरली. दूध घातलं, मध घातला, मुंग्या आल्या त्या झाडल्या. गवयाला पाणी नेऊन दिलं. गवई म्हणाला, "तुझं लक्ष नाही गाण्यात." ती म्हणाली, "वेलीचं असलं म्हणजे झालं."

पौषातली अमावास्या आली. दुपारची वेळ होती. बागेतलं आवरून धाकटी कोयती घेऊन आईसाहेबांच्या दालनात गेली, कारण त्या वेळी घंगाळ तिथल्या गवाक्षात असायचं. पानांच्या मागे तिनं बोडक्या काड्या मोजल्या. नऊ होत्या. तिनं हात उचलायला घेतला आणि तो वर जाईना. नुसता दमलेला हात. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, जरा वेळानं कापू.

जरा वेळानं तिचा डोळा लागला.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पलंगावरून आईसाहेब तिच्याकडे बघत होत्या.

धाकटी दचकून उभी राहिली. "चुकलं, आईसाहेब."

"काय चुकलं? झोपलीस. मी दिवसभर पडून असते आणि मला येत नाही. कुणाला तरी आली." त्यांनी वेलीकडे पाहिलं. "आज कोयती नाही चालली?"

"दमले होते."

"मीही," आईसाहेब म्हणाल्या. "सगळे येतात. तिला विचारतात, फूल कधी? मला विचारतात, बरं कधी वाटेल? मला वाटतं, दोघींनाही कंटाळा आलाय."

धाकटी हसली नाही, पण तिला हसू आलं. तिला तर रोज पाणवठ्यावरच्या बायका गोड बातमी कधी म्हणून विचारत, आणि नवरा तिकडे बेटांवर.

कोयती कमरेला खोवताना तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "तुमच्याकडे हिचं काय करायचे हो?"

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

"काही नाही करायचे," आईसाहेब म्हणाल्या. "न्हाणीच्या खिडकीशी फुटक्या बोळक्यात टांगलेली असायची. आजी ओले केस झटकायची, ते थेंब उडायचे हिच्यावर. तेवढंच पाणी. बोळकं मुळांनी गच्च भरलेलं होतं, माती दिसायचीच नाही."

"आणि या बोडक्या काड्या? त्या कोण कापायचं?"

"कापायचं कुणाला सुचलंच नसेल. माणसं पुष्कळ होती घरात, पण ज्याला त्याला आपापलं काम होतं."

मेणवेल त्या दिवशी तशीच राहिली. सूप भरायचं म्हणून धाकटीनं जास्वंदीच्या काड्या जरा जास्त छाटल्या. कारभाऱ्यानं मान डोलवली.

मग एकेक गोष्ट राहत गेली. धाकटीनं ठरवून काही केलं असं म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी भोई आले तेव्हा ती म्हणाली, "आज राहू दे." भोई म्हणाले, "आणि उद्या?" ती म्हणाली, "उद्याचं उद्या बघू." उद्या भोई आलेच नाहीत. वर्षानुवर्षं घंगाळ उचलून त्यांच्याही कमरा गेल्या होत्या. घंगाळ आईसाहेबांच्या गवाक्षातच राहिलं. पाणी आठ-आठ दिवसांनी, आठवेल तेव्हा. गवयाला तिनं सांगितलं की आईसाहेबांना आवाजाचा त्रास होतो. हे खोटं नव्हतं. दुधाचं मात्र तिनं वेलीला पोटभर दिल्याचं सांगितलं, आणि ते खोटं होतं. ते ती आणि आईसाहेब अर्धं अर्धं पीत.

रोज दुपारी ती तिथे घटकाभर बसायची. दोघी फारसं बोलत नसत.

माघातल्या अमावास्येला मात्र सासरे स्वतः आले. हुकुमाची मुदत जवळ आली होती आणि त्यांना राहवत नव्हतं. त्यांनी पानं बाजूला केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, या काड्या?"

पाठीमागून सासूबाई लंगडत आल्या होत्या. "बघा," त्या म्हणाल्या. "दोन अमावास्यांच्या दिसतायत. माहेरी काय डोळे मिटून बाग करत होतात का गं? अगं, मेल्या काड्या ठेवून कुठं फूल येतं?"

सासऱ्यांनी कोयती काढली. त्यांचा हात काडीला लागला.

धाकटी मधे उभी राहिली. घरात तिचा आवाज कुणी मोठा ऐकला नव्हता आणि तेव्हाही तो मोठा नव्हता.

"मामंजी, नऊ वर्षं कापल्यात. या वेळच्या माझ्या नावावर राहू द्या."

"आणि फूल नाही आलं तर?"

"तर म्हणा, सून आळशी निघाली. सगळ्यांना पटेल."

"घर जाईल गं," सासूबाई म्हणाल्या. या वेळी टोमणा नव्हता. "पाच पिढ्यांचं घर आहे. माझं लग्न त्या अंगणात लागलंय."

"घर असंही जाणारच आहे, आत्याबाई. कापलं तरी फूल येत नाही, हे नऊ वर्षं पाहिलंय. न कापता काय होतं, ते कुणी पाहिलेलं नाही."

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कुणी नव्हतं. सासरे कोयती हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग हळूच खाली बसले, धाकटी बसायची त्याच भिंतीला टेकून. ते किती दमले होते, हे त्यांचं त्यांना तेव्हा कळलं.

पलंगावरून आईसाहेब म्हणाल्या, "माळीबुवा, बसा. इथे बसायला मनाई नाही."

"पण आईसाहेब, सूप. जास्वंदीत आता छाटण्यासारखं काही उरलं नाही. कारभारी अर्धं सूप बघितल्यावर लगेच वर कळवील."

सासूबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग त्या लंगडत घरी गेल्या, दारामागचा खराटा घेतला, त्याची दोरी सोडली आणि सगळ्या काड्या सुपात पसरल्या.

कारभाऱ्यानं मान डोलवली. म्हणाला, "या खेपेला काड्या फार सरळ आहेत, माळीबुवा. कसब आहे."

"हो," सासरे म्हणाले. महिनाभर त्यांच्या घरी अंगण हातानं वेचावं लागलं.

फाल्गुन लागला. एका दुपारी धाकटी पानांमागे वाकली आणि तशीच थांबली. एका बोडक्या काडीच्या टोकाला मोहरीएवढे दाणे आले होते. दुसऱ्या काडीलाही. तिनं सगळ्या नऊ पाहिल्या. सातांना होते.

तिनं आईसाहेबांना सांगितलं. घरी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी येऊन पाहिलं, हात पाठीमागे बांधून पाहिलं. त्यांना वाटत होतं, काहीतरी करावं. थोडं खत, थोडं पाणी, निदान एखादं पान पुसावं.

"मामंजी," धाकटी म्हणाली.

"नाही करत," ते म्हणाले. "नुसता उभा आहे."

पण दोन पायांवर नुसतं उभं राहणं त्यांना त्या महिन्यात जेवढं जड गेलं, तेवढं खणणं कधी गेलं नव्हतं. खोटं भरलेलं सूपही त्यांना टोचत होतं. फाल्गुनातल्या अमावास्येला ते सूप न भरताच कारभाऱ्यापुढे गेले. "आज काही नाही," म्हणाले. कारभाऱ्यानं ते लिहून घेतलं आणि राजाकडे गेला. राजा म्हणाला, "चैत्र संपू दे." माळ्याच्या घरी भांडीकुंडी बांधून ठेवली गेली.

चैत्रातल्या तिसऱ्या आठवड्यात, दिवे लागत होते तेव्हा, पहिला गुच्छ उघडला. मेणाच्या फिक्या गुलाबी चांदण्या, प्रत्येकीच्या पोटात लाल टिकली. वास आधी दालनात पसरला, मग बाहेरच्या सोप्यात. दासी थांबल्या. राजा धावत आला.

धाकटीनं आईसाहेबांना पाठीशी हात देऊन बसवलं आणि वेलीची फांदी जरा खाली वाकवली. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. सगळे वाट बघत होते.

"थोडा वेगळा आहे," आईसाहेब म्हणाल्या.

राजाचं तोंड एवढंसं झालं.

"अरे, साठ वर्षं झाली. माझं नाक तरी तेच कुठं राहिलंय? पण न्हाणीची खिडकी दिसली. ओली होती." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ज्योतिषी म्हणाला, इतकी वर्षं दिशा साधली त्याचं हे फळ. वैद्य दुधाबद्दल बोलला. गवई म्हणाला की वसंताचा परिणाम उशिरा होतो. राजानं माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, "माझ्या सुनेला विचारा, महाराज. मी पाहत होतो नुसता."

राजानं धाकटीला विचारलं, "तू काय केलंस?"

"मी दमले होते, महाराज."

दरबार हसला. धाकटी हसणं संपेपर्यंत थांबली.

"फूल त्या बोडक्या काडीवरच येतं. ती दोन-तीन महिने नुसती असते. त्या वेळात ती मेल्यासारखी दिसते, आणि आपल्याकडे दर महिन्याला अमावास्या येते. मी शहाणपणानं सोडल्या नाहीत. हातात जोर नव्हता म्हणून राहिल्या. मग आईसाहेबांना विचारलं. त्यांच्या घरी ही वेल होती."

राजानं मान वळवून आईकडे पाहिलं. पालखीत बसून त्या दरबारात आल्या होत्या. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

"तू हुकूम देत होतास," आईसाहेब म्हणाल्या. "मधे कसं बोलायचं?"

माळ्याचं घर राहिलं. भांडीकुंडी सोडून पुन्हा फळीवर लागली. आठ-दहा दिवसांत फुलं गळून गेली आणि काड्या पुन्हा बोडक्या झाल्या. चैत्रातल्या अमावास्येला कारभारी आईसाहेबांच्या दारात आला. राजानं मेणवेलीच्या काड्यांना हात लावायचा नाही असा हुकूम काढला होता, तो त्यानं ऐकला होता, तरी त्याला राहवेना.

"मग सूप कशानं भरायचं?" त्यानं विचारलं.

"रिकामं आणा," आईसाहेब म्हणाल्या. "रिकामं सूप मी या घरात पाहिलंच नाही."

तो गेला. धाकटी भिंतीला टेकून बसली होती.

"तुझं नाव काय गं?" आईसाहेबांनी विचारलं.

तिला क्षणभर आठवावं लागलं. "गोजरा."

"चांगलं आहे. वापरत जा."

ज्येष्ठात तिचा नवरा परत आला, उन्हानं काळा होऊन, एकटाच. जाणकार मिळाला नव्हता. "तिकडे सगळे हसले," तो म्हणाला. "म्हणाले, वेल आपली फुलतेच की, त्यात शिकायचं काय?" मग त्यानं गवाक्षातल्या वेलीच्या न छाटलेल्या काड्यांकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

पुढच्या चैत्रात त्याच काड्यांवर पुन्हा गुच्छ आले, आदल्या वर्षीहून भरघोस. आईसाहेब तेव्हा नव्हत्या. दिवेलागणीला वास त्यांच्या रिकाम्या दालनातून सोप्यात आला आणि राजा तिथे एकटा उभा राहिला. कुणाला काही करायला सांगितलं नाही त्यानं.

गोजरा दुपारी घटकाभर तिथे बसायची, ती बसत राहिली. तिला कुणी आळशी म्हटलं नाही. म्हणजे सासूबाई म्हणायच्या, पण हळू आवाजात, आणि कधीकधी शेजारी येऊन टेकून म्हणायच्या.

बोध एवढाच: जी काडी वाळकी म्हणून आपण घाईनं छाटतो, फुलायची जागा पुष्कळदा तीच असते, तिच्यासाठी दुसरं काही करता आलं नाही, तरी निदान हात आवरावा.